ताप, वाढलेलं एसजीपीटी आणि कमरेवरचा चट्टा: कनेटिकटमधलं एक प्रकरण

हे प्रकरण अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातलं आहे आणि घरच्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून वय, गाव आणि तारखा थोड्या बदलल्या आहेत. घटनांचा क्रम मात्र जसाच्या तसा आहे. मी इथे फॅमिली डॉक्टर आहे. दर उन्हाळ्यात महाराष्ट्रातले कितीतरी आई-वडील मुलांकडे सहा-सहा महिने राहायला येतात. त्यांच्यातल्या कुणाला ताप आला की घरचे आणि डॉक्टर दोघेही आधी भारताकडे बोट दाखवतात. या प्रकरणात तेच झालं, आणि त्यात मीही होते.

पार्श्वभूमी

रुग्ण ६७ वर्षांचे, सातारा जिल्ह्यातले. शाळेत मास्तरकी केली आणि जोडीला घरची शेती, दोन म्हशी. सगळे त्यांना आबा म्हणतात, मीही तेच म्हणते. रक्तदाबाची गोळी आणि तीन वर्षांपासून कोलेस्टेरॉलसाठी ॲटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅम. दारू नाही, तंबाखू सोडून वीस वर्षं झालेली. करोनाच्या काळात लागलेली एक सवय होती: रोज सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा. त्याची भुकटी ते बॅगेतून घेऊनच आले होते.

नातवाच्या बारशासाठी आबा आणि काकू ४ मे रोजी आले. घर शहराबाहेर. मागे हिरवळ, हिरवळीच्या टोकाला जुनी दगडी गडगा-भिंत आणि तिच्यापलीकडे रान. न्यू इंग्लंडमध्ये अशा भिंती जागोजागी दिसतात, जुन्या शेतकऱ्यांनी जमिनीतले दगड काढून रचलेल्या. आबांना रिकामं बसवत नाही. त्यांनी नेमकी त्या भिंतीलगतची जागा वाफ्यासाठी निवडली, कारण तिथली माती काळी आणि भुसभुशीत होती. वर्षानुवर्षं साचलेला वाळक्या पानांचा खच त्यांनी लेंगा-बनियनवर, गुडघे टेकून, हाताने उपसला. मेथी, कोथिंबीर, दोन ओळी वाल. मे महिन्याचा दुसरा पंधरवडा यातच गेला.

वाचकांसाठी इथे थोडं थांबते, कारण पुढचं सगळं त्या पाचोळ्यातून निघालं आहे. गोचिडीच्या चाव्यातून होणारा लाइम हा आजार ज्या गावाच्या नावाने ओळखला जातो ते लाइम गाव याच राज्यात आहे. १९७५ च्या सुमाराला तिथल्या मुलांचे गुडघे सुजू लागले. पॉली मरी या एका आईने आणि तिच्यासारख्याच दुसऱ्या आईने ‘एवढ्याशा गावात एवढ्या मुलांना संधिवात कसा?’ असा लकडा आरोग्य खात्यामागे लावला. येल विद्यापीठाच्या ॲलन स्टीअर यांनी शोध घेतला आणि १९७७ मध्ये हा आजार शास्त्रीय नियतकालिकात आला. १९८१ मध्ये विली बर्गडॉर्फर यांना गोचिडीच्या आतड्यात मळसूत्रासारखे वळणदार जंतू दिसले. आज त्यांचं नाव बोरेलिया बर्गडॉर्फेरी आहे. आपल्याकडे कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात येणारा लेप्टो ज्या जंतूमुळे होतो, तो या जंतूचा भाऊबंद. लेप्टोत कावीळ होते हे आपल्याला पाठ आहे. लाइममध्ये यकृताला त्रास होतो तो बहुधा सौम्य आणि लपलेला, म्हणून तो सहज नजरेतून सुटतो.

पसरवणारी गोचीड म्हणजे काळ्या पायांची, हरणांवर वाढणारी जात. जंतू ती लहान असताना रानातल्या पांढऱ्या पायांच्या उंदरांकडून घेते. माणसाला बहुतेक वेळा चावतं ते तिचं अर्धवट वाढलेलं पिल्लू, खसखशीच्या दाण्याएवढं. त्यांचा जोर मे ते जुलै. ती पाचोळ्यात, रान आणि हिरवळ यांच्या सीमेवर दबा धरून असतात. आबांचा वाफा बरोबर त्या सीमेवर होता.

तक्रार

८ जूनला संध्याकाळी हुडहुडी भरून ताप आला. डोकं ठणकणं, अंग मोडून येणं, अन्नावरची वासना उडणं. खोकला नाही, सर्दी नाही, जुलाब नाहीत. पहिले दोन दिवस ‘हवा बदलली’ म्हणून पॅरासिटामॉल देत काढले. तिसऱ्या दिवशी मुलाचा मला फोन आला, “ताई, आबांचा ताप उतरतच नाहीये. एकशे दोनच्या खाली येतो आणि परत चढतो.”

मी नेहमीचे प्रश्न विचारले. मग म्हटलं, आबांना द्या. त्यांना विचारलं, “आबा, इथे आल्यापासून गोचीड चावली का?”

“आगं पोरी, जन्म गेला गुरांत. गोचीड मला कळायची न्हाय व्हय? न्हाय चावली.”

हे उत्तर मी घेतलं आणि पुढे गेले. या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण हाच होता आणि तो मी घालवला. म्हशीच्या कानामागची फुगलेली, वाटाण्याएवढी गोचीड ज्याने हजार वेळा उपटून काढली आहे, त्याच्या डोळ्यांसमोर ‘गोचीड’ म्हटल्यावर तीच येणार. खसखशीचा दाणा येणार नाही. शिवाय लाइम झालेल्या बहुतेकांना चावा आठवतच नाही, कारण तो दुखत नाही आणि खाजत नाही. विचारायचं होतं ते असं: बागेत काम केलंत का, पाचोळ्यात हात घातलात का, आणि अंगावर कुठे लाल-काळा डाग उठला आहे का?

तपासण्या आणि पहिला कयास

चौथ्या दिवशी घरच्यांनी आबांना जवळच्या एका तातडीच्या उपचार केंद्रात नेलं. व्हिजिटर इन्शुरन्स होता, पण त्यात सुरुवातीची रक्कम स्वतःच्या खिशातून भरायची असते. त्यामुळे प्रत्येक तपासणीआधी मुलगा विचारत होता, ही हवीच का? हा दबाव मी पाहुण्या आई-वडिलांच्या जवळजवळ प्रत्येक आजारपणात पाहते, आणि तो निर्णयांवर परिणाम करतो हे उघड बोललं पाहिजे.

रक्ताचे आकडे असे आले:

यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम: एएलटी, म्हणजे आपलं एसजीपीटी, १४६. एएसटी, म्हणजे एसजीओटी, ११८. (दोन्ही साधारण ४० च्या आत असावेत.) बिलिरुबिन ०.९, म्हणजे कावीळ नाही. अल्कलाइन फॉस्फटेज, हे यकृताच्या तपासणीतलं आणखी एक एन्झाइम, किंचित वाढलेलं. पांढऱ्या पेशी ३,४००, म्हणजे कमी. प्लेटलेट १ लाख ४ हजार, त्याही कमी.

तिथल्या डॉक्टरांनी ‘भारतातून आलेले’ हे शब्द ऐकले आणि ‘लिव्हरचे आकडे वाढलेले’ हे पाहिलं. दोन्ही जोडून त्यांनी विषाणूजन्य हेपॅटायटिसचा कयास बांधला. हेपॅटायटिस ए, बी, सी, ई, मलेरियाची काच (रक्ताचा थेंब काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), डेंग्यू आणि टायफॉइडसाठी रक्त पाठवलं. स्टॅटिन बंद करायला सांगितलं. लाइमची अँटिबॉडी तपासणीही पाठवली. या राज्यात उन्हाळ्यात ती पाठवायचा रिवाजच आहे.

घरी या कयासाचं लगेच ‘कावीळ’ झालं. काकूंनी गावाकडे फोन केला. तेल-तूप बंद, हळद बंद, उसाचा रस कुठे मिळेल याची चौकशी. कुणीतरी गुळवेलीचा काढा दिवसातून दोनदा घ्यायचा सल्ला दिला आणि तो सुरूही झाला.

कोणकोणत्या शक्यता होत्या

रिपोर्ट मला व्हॉट्सॲपवर आले तेव्हा मी कागद घेऊन बसले. वर एकच आकडा लिहिला: ३५. भारत सोडल्यापासून ताप येईपर्यंतचे दिवस.

डेंग्यू डास चावल्यापासून दोन आठवड्यांच्या आत डोकं वर काढतो. ३५ दिवसांनी आलेला ताप भारतातल्या डासाचा डेंग्यू असू शकत नाही. टायफॉइड बहुतेक वेळा महिन्याच्या आत येतो, म्हणजे तोही मागे पडला. हेपॅटायटिस ए आणि ई मात्र या हिशोबात बसत होते. दोन्हींना काही आठवडे लागतात. मलेरियाही बसत होता, कारण त्याची व्हायव्हॅक्स ही जात यकृतात महिनोनमहिने दडून राहते. मलेरियाची काच बघणं म्हणून योग्यच होतं, आणि ते कुणीही टाळू नये.

पण आकड्यांचा चेहरा हेपॅटायटिसचा नव्हता. ए किंवा ई जोरात असताना एसजीपीटी बहुधा कित्येक शेकड्यांत, कधी हजारांत जातं. इथे ते साडेतीन पट होतं. प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी दोन्ही खाली, अंगात सततचा १०२ ताप: हे सगळ्या शरीरात पसरलेल्या संसर्गाचं चित्र होतं आणि यकृत त्यात ओढलं गेलं होतं.

औषधांचंही पाहायला हवं होतं. पॅरासिटामॉल ६५० च्या दिवसाला चार गोळ्या, म्हणजे २.६ ग्रॅम, आबांच्या वजनाला हे मर्यादेत होतं. स्टॅटिन तीन वर्षं सुरळीत चालू होतं. गुळवेलीकडे मात्र मी गांभीर्याने पाहिलं. २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांना यकृताची सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली होती. आयुष मंत्रालयाला ती पटली नाही, पण यकृताचे आकडे वाढलेले असताना काढा दुप्पट करणं कुणालाच परवडणारं नव्हतं. मी काकूंना तो थांबवायला सांगितलं. त्या दुखावल्या. “आमच्या वाईटासाठी का देतेय मी?” असं म्हणाल्या. मी म्हटलं, “काकू, काढ्यानेच झालंय असं मी म्हणत नाही. पण गणितातून एक आकडा कमी केला की उरलेलं लवकर सुटतं.” हे त्यांना पटलं.

उरलं ते गोचिडीचं दालन. लाइम आणि यकृत यांचा संबंध किती, हे इथे सांगते, कारण या विषयावर दोन्ही टोकांची मतं कानावर येतात. न्यूयॉर्कच्या वेस्टचेस्टर भागात शंभराहून अधिक रुग्णांवर झालेला एक अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. लाइमचा चट्टा असलेल्यांपैकी ४० टक्के जणांच्या यकृताच्या तपासणीत निदान एक तरी आकडा बिघडलेला होता. तुलनेसाठी घेतलेल्या लोकांत हे प्रमाण १९ टक्के होतं. सगळ्यात जास्त जणांत वाढलेले सापडले ते जीजीटी (यकृताचंच आणखी एक एन्झाइम) आणि एसजीपीटी. वाढ बहुतेकांत थोडीच होती आणि उपचारांनंतर काही आठवड्यांत ओसरली. म्हणजे संबंध खरा आहे, सुरुवातीच्या टप्प्यात बऱ्याचदा दिसतो आणि स्वतःहून यकृत निकामी करत नाही. जंतू रक्तातून फिरतो तेव्हा यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे रक्त गाळणाऱ्या पहारेकरी पेशी, त्याला पकडतात. उंदरांवरच्या प्रयोगांत हे पकडणं सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसलं आहे. त्या झटापटीत यकृताला थोडी झळ लागते.

पण लाइम एकटा असताना प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी सहसा अशा खाली येत नाहीत. त्याच गोचिडीच्या लाळेतून आणखी एक जंतू येतो: ॲनाप्लाझ्मा. तो पांढऱ्या पेशींतच घर करतो. त्यात ताप, पांढऱ्या पेशी कमी, प्लेटलेट कमी आणि एसजीपीटी-एसजीओटी वाढलेलं, असं अगदी ठरलेलं चित्र असतं. तिसरा सोबती बबेसिया. तो लाल पेशींत शिरतो, त्यांना फोडतो आणि त्यातून पिवळेपणा येऊ शकतो. काचेवर बबेसियाचं कडं मलेरियाच्या कड्यासारखंच दिसतं. भारतातून आलेल्या माणसाच्या रक्तात ते दिसलं तर घाईने मलेरिया ठरवला जाण्याचा धोका खरा आहे. मी प्रयोगशाळेला फोन करून सांगितलं की मलेरियासाठी केलेली काच बबेसियाच्या नजरेनेही पाहा. काच दोन्ही बाबतीत स्वच्छ निघाली.

लाइमची तपासणी निगेटिव्ह

सहाव्या दिवशी लाइमचा रिपोर्ट आला: निगेटिव्ह. मुलाने सुटकेचा श्वास सोडला. “चला, ते तरी नाही.” हेपॅटायटिसचे रिपोर्टही निगेटिव्ह आले होते. आता पुढे काय, कुणालाच कळत नव्हतं. उपचार केंद्राने ‘अनिश्चित विषाणूजन्य ताप, विश्रांती घ्या’ असं लिहून दिलं.

दुसरा निर्णयाचा क्षण हा. अँटिबॉडी शरीराला तयार कराव्या लागतात आणि त्याला काही आठवडे जातात. आजाराच्या पहिल्या आठवड्यात तपासणी निगेटिव्ह येणं ही लाइममधली नेहमीची गोष्ट आहे. त्या कागदाचा अर्थ ‘अजून उत्तर नाही’ एवढाच होता. मी मुलाला म्हटलं, आता कागद बाजूला ठेवू, माणूस बघू. मला आधीच सुचायला हवं होतं ते त्या दिवशी सुचलं: आबांचं पूर्ण अंग अजून कुणीच पाहिलं नव्हतं. उपचार केंद्रात त्यांनी सदरा वर केला होता, छाती-पोट तपासून झालं होतं. लेंगा खाली करायला कुणी सांगितलं नाही, आणि आबा स्वतः करणार नव्हते.

फोनवर काकूंना विचारलं, पाठीला, कमरेला, काखेत, गुडघ्यामागे काही डाग आहे का? त्या चटकन म्हणाल्या, “कमरेला गजकर्ण आलंय की. मी मलम लावतेय.”

चट्टा

चाळीस मिनिटांची गाडी. घरी पोहोचले तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते, जूनमधला लख्ख उजेड होता. आबांना खिडकीपाशी पालथं झोपवलं. लेंग्याची नाडी जिथे करकचून बांधतात त्याच्या जरा खाली, मणक्याच्या डाव्या अंगाला चट्टा होता. पुस्तकातल्या चित्रांत असतं तसं गोऱ्या कातडीवरचं लालबुंद लक्ष्य नव्हतं. सावळ्या कातडीवर तो जांभळट-तपकिरी दिसत होता, आठवड्यापूर्वी मार बसून उरलेल्या डागासारखा. मध्ये फिकट व्हायला लागलेला, कडेला हात लावला तर किंचित कोमट. खवले नाहीत, खाज नाही. गजकर्णाला खाज असते आणि कड खरखरीत असते. ही कड गुळगुळीत होती. काकूंच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मोजलं: ११ सेंटिमीटर बाय ८. लाइमच्या चट्ट्यासाठी ५ सेंटिमीटर पुरेसे धरतात.

कडेने बॉलपेनने रेघ ओढली. सकाळी दवाखान्यात आबा आले तेव्हा चट्टा रेघेच्या बोटभर बाहेर गेला होता.

काकू लावत असलेलं मलम भारतातून आणलेलं, बुरशीचं औषध आणि कडक स्टिरॉइड एकत्र असलेलं. आपल्याकडे अशी मलमं चिठ्ठीविना मिळतात आणि घराघरांत असतात. त्याने चट्ट्याची लाली दबली असणार. मी निघण्याआधी मुलाने पाठवलेल्या फोटोत फ्लॅशमुळे तो जवळजवळ दिसतच नव्हता. सावळ्या कातडीवर हा चट्टा ओळखू न येणं ही इथली मोठी अडचण आहे, आणि आपल्या लोकांना तिचा फटका बसतो.

कोणतं औषध द्यायचं

लाइमच्या मुलखात, उन्हाळ्यात, असा वाढता चट्टा दिसला की निदान झालं. रक्ताची वाट पाहायची नसते. प्रश्न औषधाचा होता, आणि यकृतामुळे तो अवघड वाटत होता.

लाइमवरचं नेहमीचं अँटिबायोटिक म्हणजे डॉक्सिसायक्लिन. मुलाने वाचलं होतं की ते यकृताला जड असतं. त्याचं म्हणणं, आधीच लिव्हर सुजलंय तर अमॉक्सिसिलिन देऊ, ते सौम्य. लाइमपुरतं पाहिलं तर अमॉक्सिसिलिन चालतं. पण ॲनाप्लाझ्मावर त्याचा काडीचा उपयोग नाही. आबांच्या प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी पाहता ॲनाप्लाझ्मा सोबत असण्याची दाट शक्यता होती, आणि साठीपुढच्या माणसाला तो गंभीर वळणावर नेऊ शकतो. डॉक्सिसायक्लिन दोन्हींवर चालतं. नेहमीच्या मात्रेत, थोड्या दिवसांसाठी, तोंडाने घेतलं तर यकृताला इजा होणं विरळा. उलट यकृताचे आकडे ज्या जंतूमुळे वाढले होते तो मारणं हाच यकृतावरचा इलाज होता. हे त्याला समजावताना मी तेच वाक्य दोनदा बोलले, कारण वाढलेलं एसजीपीटी पाहून योग्य औषध रोखून धरल्याची उदाहरणं मी पाहिली आहेत.

डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस. लाइमच्या चट्ट्यासाठी १० दिवसही पुरतात. ॲनाप्लाझ्माचा संशय, वय आणि आबांची उशिरा झालेली सुरुवात पाहून मी १४ लिहिले. सूचना साध्या: पेलाभर पाण्याबरोबर घ्यायचं, लगेच आडवं व्हायचं नाही, गोळीच्या आगेमागे दूध-ताक नाही, उन्हात बागकाम बंद. आबांना सगळ्यात कठीण गेलं ते ताक.

औषध सुरू करण्याआधी ॲनाप्लाझ्माच्या पीसीआरसाठी, म्हणजे जंतूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या तपासणीसाठी, रक्त काढलं. लाइम हृदयाच्या विद्युतवाहिन्यांना गाठू शकतो, म्हणून ईसीजी केला. तो ठीक होता. मान मोकळी वळत होती, चेहरा दोन्ही बाजूंनी सारखा हलत होता.

पुढे काय झालं

पहिल्या रात्री ताप उलट वाढला, थंडी वाजली. जंतू भराभर मरतात तेव्हा असं काही तास होऊ शकतं हे आधी सांगून ठेवलं होतं, म्हणून घरचे घाबरले नाहीत. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आबांनी स्वतःहून भाकरी मागितली. ताप परत आला नाही. चौथ्या दिवशी पीसीआरचा रिपोर्ट आला: ॲनाप्लाझ्मा पॉझिटिव्ह.

मग आकडे कशामुळे वाढले, लाइममुळे की ॲनाप्लाझ्मामुळे? मुलाने हे विचारलं. दोघांची झळ एकाच यकृताला लागली होती आणि ती वेगळी मोजता येत नाही. रक्तपेशींच्या आकड्यांवरून मोठा वाटा ॲनाप्लाझ्माचा असावा असं माझं मत आहे.

आठवड्याने प्लेटलेट १ लाख ९० हजार, पांढऱ्या पेशी ५,१००, एसजीपीटी ८८. चट्टा आठ दिवसांत पुसट झाला. तीन आठवड्यांनी एसजीपीटी ५६.

आणि तिथेच अडकलं. दहा आठवड्यांनी ५८. आबांना थोडा थकवा होता. घरात पुन्हा चिंता: लाइम लिव्हरमध्ये मुरला का? ओळखीतल्या कुणीतरी एका खासगी चिकित्सकाचं नाव सुचवलं. तिथे ‘जुनाट लाइम’ असं निदान सांगून शिरेतून सेफ्ट्रायक्सोन या अँटिबायोटिकचा काही आठवड्यांचा कोर्स घ्यायला सांगण्यात आलं. पैसे अर्थातच रोख.

तिसरा निर्णयाचा क्षण. मी मुलाला भेटायला बोलावलं आणि दोन गोष्टी समोर ठेवल्या. एक, लाइमच्या उपचारांनंतर राहिलेल्या तक्रारींवर लांबलचक अँटिबायोटिक देऊन पाहिलेले नीट प्रयोग झाले आहेत, अमेरिकेतला २००१ चा, नेदरलँड्समधला २०१६ चा. त्यांत जास्त काळ औषध घेतलेल्यांना फायदा झाला नाही. दोन, सेफ्ट्रायक्सोन काही प्रमाणात पित्तातून बाहेर पडतं आणि पित्ताशयात त्याचा गाळ साचू शकतो. १९९० ते १९९२ दरम्यान न्यू जर्सीत नेमकं हेच घडलं होतं: लाइमच्या संशयावरून हे औषध दिलेल्या लोकांना पित्ताशयाचा आजार झाला आणि काहींचं पित्ताशय काढावं लागलं. त्यांच्यातल्या अनेकांना लाइम असल्याचा भक्कम पुरावाही नव्हता. यकृत वाचवायला जाऊन पित्ताशय गमवायची ही वाट होती.

मग मी विचारलं, आबांचे साताऱ्याचे जुने रिपोर्ट आहेत का? ते घरच्या लोखंडी कपाटात, एका प्लास्टिकच्या पिशवीत होते. पुतण्याने फोटो पाठवले. दोन वर्षांपूर्वीचं एसजीपीटी: ६१. म्हणजे ५८ हा आबांचा नेहमीचा आकडा होता. सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली, मधल्या वयानंतर आपल्यात घरोघरी सापडते तशी. शिरेतलं औषध झालं नाही. स्टॅटिन पुन्हा सुरू केलं; चरबीच्या यकृतात ते बंद ठेवायचं कारण नव्हतं. गुळवेल बंदच राहिली. थकवा ऑगस्टअखेर गेला.

आज हेच प्रकरण आलं तर

गोचीड चावली का हा प्रश्न मी आता शेवटी विचारते. आधी विचारते, अंगणात काय काम करता? आणि ताप असलेल्या माणसाचं कमरेखालचं अंग पाहिल्याशिवाय फोन ठेवत नाही; फोनवरच असेल तर घरातल्या कुणाला तरी दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून, फोटो काढायला सांगते. आबांचे चार दिवस यात वाचले असते. ते आणखी म्हातारे, आणखी अशक्त असते तर हे चार दिवस महागात पडले असते, आणि हे मला अजून टोचतं.

लाइमची अँटिबॉडी पहिल्या आठवड्यात पाठवणं मला आता फारसं उपयोगाचं वाटत नाही. तेच पैसे ॲनाप्लाझ्माच्या पीसीआरवर पहिल्याच दिवशी खर्च केले असते तर बरं झालं असतं, खासकरून खिशातून भरणाऱ्या घरात.

जुने रिपोर्ट पहिल्या दिवशी मागायला हवे होते. येणाऱ्या आई-वडिलांनी शेवटच्या एक-दोन रक्ततपासण्यांचे फोटो मोबाइलमध्ये आणावेत. लोणच्याच्या बरणीइतकीच ती सामानातली गोष्ट आहे. ५६ वर अडकलेल्या आकड्याने त्या घराची दोन महिन्यांची झोप घेतली.

आबा परत जाताना साताऱ्यातल्या डॉक्टरांसाठी एक पान लिहून दिलं. त्यात होतं: लाइम आणि ॲनाप्लाझ्माचे उपचार पूर्ण, अँटिबॉडी तपासणी पुन्हा करू नये कारण ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहू शकते, मूळचं एसजीपीटी ६० च्या आसपास, कारण यकृतावरची चरबी, आणि तिकडे पुन्हा ताप येऊन आकडा वाढला तर लाइम शोधू नये, स्क्रब टायफस (झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्यातून होणारा ताप), लेप्टो आणि डेंग्यू पाहावेत.

पुढच्या मे महिन्यात दोघं पुन्हा आले. भिंतीलगत मुलाने तीन फूट रुंद लाकडी भुशाचा पट्टा टाकला होता आणि वाफा हिरवळीच्या मधोमध उन्हात आणला होता. संध्याकाळी काकू टॉर्च घेऊन आबांची पाठ-कंबर तपासायच्या. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांना गुडघ्यामागे एक काळा ठिपका सापडला. मुलाने बारीक चिमट्याने कातडीलगत धरून, न पिळता सरळ वर ओढून काढला आणि पारदर्शक चिकटपट्टीवर चिकटवून फोटो पाठवला. पोट चपटं होतं, म्हणजे चिकटून फार वेळ झाला नव्हता. आदल्या संध्याकाळी तिथे काहीच नव्हतं, हे काकू खात्रीने सांगत होत्या. छत्तीस तास झाले असते तर डॉक्सिसायक्लिनची एक मात्रा दिली असती. इथे गरज नव्हती. कॅलेंडरवर तीस दिवस खूण करून ठेवायला सांगितलं.

मग आबा फोनवर आले. ते भिंगातून पाहत होते.

“पोरी, खसखशीएवढं हाय गं. ह्येला गोचीड म्हणत्यात व्हय?”